अकरा हजार सातशे एकोणऐंशीचं लीड आणि आण्णांची वही

आमच्या आण्णांना जगातल्या कुठल्याही निवडणुकीबद्दल पहिला प्रश्न एकच पडतो, लीड किती. कोण आलं ते नंतर. बत्तीस वर्षं शाळामास्तरकी केली आणि त्यातली जवळपास प्रत्येक निवडणूक ड्युटीत गेली, पेट्या होत्या तेव्हा पेट्या उचलल्या, मशीन आली तेव्हा मशीन उचलली, मोजणीच्या टेबलावर बसले, आणि कराडच्या बाजूचे असल्यामुळे ग्रामपंचायत, सोसायटी, कारखाना असं वर्षभर काही ना काही चालूच. त्यांची एक जुनी वही आहे, त्यात प्रत्येक निवडणुकीचे आकडे लिहून ठेवलेत.

तर नोव्हेंबर २०२० ला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत, मी इथून म्हणजे अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातून फोन केला, म्हणलं आण्णा, जॉर्जिया फिरलं, ट्रम्पकडून बायडनकडं. "लीड?" बारा हजारांच्या आसपास म्हणलं. "झालेलं मतदान?" पन्नास लाख. पलीकडं जरा वेळ शांतता, मग म्हणाले, "अगं दीड हजार मतदानाच्या गावात साडेतीन मतांनी पडल्यासारखं झालं की हे." मी कॅल्क्युलेटर घेऊन बघितलं, बरोबर निघालं.

तेव्हापासून आमच्या फोनवर जॉर्जिया हा कायमचा विषय झाला. परवा २०२४ चे फायनल आकडे त्यांना वाचून दाखवले आणि मग वाटलं की चार वर्षांत त्यांच्या प्रश्नांमुळे मी जे काय शोधत बसले ते एकदा लिहून काढावं, कारण इथल्या आपल्या लोकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या लाल-निळ्या नकाशावरून (लाल म्हणजे रिपब्लिकन, निळा म्हणजे डेमोक्रॅट) जी भांडणं होतात ती बघवत नाहीत.

आधी तो नकाशा. जॉर्जिया आकारानं महाराष्ट्राच्या निम्मं, लोकसंख्या २०२० च्या जनगणनेप्रमाणं एक कोटी सात लाख, म्हणजे मुंबईपेक्षा कमी. आणि काउंट्या किती, तर १५९! आपले जिल्हे ३६. इथं असं सांगतात की शेतकऱ्याला खेचरावर बसून कोर्टाच्या गावाला जाऊन दिवसात परत घरी येता यावं म्हणून एवढ्या छोट्या काउंट्या केल्या. ऐकायला छान आहे, पण काउंट्या एवढ्या सांभाळून ठेवण्यामागं राजकारणपण भरपूर होतं, त्यावर येतेच. फुल्टन काउंटीत, म्हणजे अटलांटात, साडेदहा लाखांवर माणसं राहतात आणि टॅलियाफेरो नावाच्या काउंटीत जेमतेम दीड हजार. टीव्हीवरच्या नकाशावर दोन्हीला आपापल्या जमिनीएवढा रंग. त्यामुळे कुणीही जिंकलं तरी नकाशा बघून वाटतं सगळं राज्य लाल आहे आणि मधे अटलांटाभोवती कुणीतरी निळी शाई सांडलीय, शिवाय खाली एक निळा पट्टा, तो जुना कापसाचा पट्टा, जिथं गुलामांकडून कापूस पिकवून घेतला जायचा आणि त्यांची पतवंडं अजून राहतात.

"मग जमिनीला कुठं मत असतंय," आण्णा म्हणाले. म्हणलं आण्णा, होतं! इथं खरोखर होतं.

जॉर्जियात १९१७ च्या कायद्यानं काउंटी युनिट नावाची पद्धत पक्की केली, डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीसाठी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवायच्या निवडणुकीसाठी, आणि त्या काळात राज्यातल्या पदांसाठी प्रायमरी जिंकला म्हणजे निवडणूक जिंकलाच कारण समोर कुणी नसायचंच. सगळ्यात मोठ्या ८ काउंट्यांना प्रत्येकी ६ युनिट, पुढच्या ३० ना ४ आणि उरलेल्या १२१ ना २. काउंटीत जो पहिला येईल त्याला तिथली सगळी युनिटं. आण्णा लगेच म्हणाले, "म्हणजे जिल्हा बँकेसारखं. सोसायटीचा ठराव." अगदी तसंच, सोसायटीत सभासद दोनशे असोत नाहीतर दोन हजार, ठराव एकाच्या नावचा, आणि मग ज्याच्याकडं ठराव जास्त त्याचं पॅनेल. १९६० च्या जनगणनेप्रमाणं फुल्टनची लोकसंख्या साडेपाच लाख, तिला ६ युनिट, आणि एकोल्स, ग्लॅसकॉक, क्विटमन या तीन काउंट्या मिळून सात हजार माणसं, त्यांनापण ६. जिथं ट्राम पोचलेली नाही तिथंच मी प्रचाराला जातो असं यूजीन टॅलमॅज नावाचा इथला पुढारी फुशारकीनं सांगायचा, कारण शहरातल्या मतांची गरजच नव्हती. १९४६ ला तो जेम्स कारमायकलपेक्षा कमी मतं पडूनसुद्धा युनिटांवर जिंकला. पुढं शपथ घ्यायच्या आधीच वारला आणि मग गव्हर्नरच्या खुर्चीवर एकदम तिघांनी दावा सांगितला, ती एक वेगळीच धमाल आहे, पहाटेचा शपथविधी त्यापुढं काहीच नाही.

ही पद्धत मुळात कुणाला दाबायला होती हे वेगळं सांगायला नको. शहरात कृष्णवर्णीय मतदार वाढायला लागला होता. १९६३ ला सुप्रीम कोर्टानं ग्रे विरुद्ध सँडर्स खटल्यात ती मोडीत काढली, एक माणूस एक मत असं तिथं स्पष्ट म्हणलं.

आता गंमत म्हणजे राष्ट्राध्यक्षाची निवडणूक बघायला गेलात तर देशपातळीवर अजून थोडीफार तीच पद्धत चालू आहे. जॉर्जियाला १६ इलेक्टोरल मतं, म्हणजे राष्ट्राध्यक्ष ठरवणारी राज्याच्या वाट्याची मतं, एका मतानं पुढं असलात तरी १६ च्या १६ तुमची. म्हणून तर त्या बारा हजारांची एवढी किंमत.

हे राज्य मूळचं कुणाचं हे सांगायला लागलं की इथली तरुण पोरंपण चक्रावतात. १८६८ पासून १९६० पर्यंत प्रत्येक राष्ट्राध्यक्ष निवडणुकीत जॉर्जिया डेमोक्रॅटिक. एकदासुद्धा चुकलं नाही. लिंकनचा पक्ष रिपब्लिकन, त्यानं गुलामगिरी मोडली, युद्धात अटलांटा जाळली, म्हणून गोऱ्यांचा त्या पक्षावर पिढ्यान्पिढ्या राग, आणि कृष्णवर्णीयांना मतदानच करू द्यायचे नाहीत, म्हणजे प्रश्नच मिटला. मग १९६४ ला डेमोक्रॅट जॉन्सन यांनी नागरी हक्क कायदा केला, समोरचे रिपब्लिकन उमेदवार गोल्डवॉटर यांनी त्याच्या विरोधात मत दिलं होतं, आणि त्याच वर्षी जॉर्जिया इतिहासात पहिल्यांदा रिपब्लिकनकडं गेलं. १९६८ ला तर जॉर्ज वॉलेसकडं, जो उघड उघड वर्णभेदवाला होता. १९७२ ला निक्सनना १५९ च्या १५९ काउंट्या. आणि लगेच १९७६ ला जिमी कार्टर, घरचा माणूस, प्लेन्स गावचा भुईमूगवाला, त्यालापण १५९ पैकी १५९! चार वर्षांत सगळं राज्य इकडून तिकडं. आण्णांना हे फार आवडलं, "भूमिपुत्र म्हणून चाललं" म्हणाले. १९८० ला बाकी देशानं कार्टरना झोपवलं पण जॉर्जियानं सोडलं नाही. नंतर १९९२ ला क्लिंटन साडेतेरा हजारांच्या आसपास मतांनी निघाले, तेसुद्धा रॉस पेरो या अपक्षानं तेरा टक्के मतं खाल्ली म्हणून असं इथले जुने लोक अजून म्हणतात. त्यानंतर २०१६ पर्यंत सलग रिपब्लिकन.

मग २०२० ला काय झालं? सगळे म्हणतात अटलांटानं फिरवलं. अटलांटा तर आधीपासूनच निळं होतं, फिरली ती बाजूची उपनगरं. कॉब काउंटी म्हणजे रिपब्लिकन पुढारी न्यूट गिंगरिचचा बालेकिल्ला, ग्विनेट म्हणजे नव्वदच्या दशकापर्यंत जवळपास सगळी गोरी. २०१२ पर्यंत दोन्ही रिपब्लिकन. मधल्या काळात तिथं कोण आलं तर उत्तरेतून परत दक्षिणेत आलेली कृष्णवर्णीय कुटुंबं, कोरियन, मेक्सिकन, आणि आपण, लिलबर्नचं स्वामीनारायण मंदिर ग्विनेटमध्येच आहे. २०१६ ला हिलरी क्लिंटन कॉबमध्ये सात हजारांनी पुढं होत्या, २०२० ला बायडन छप्पन हजारांनी. ग्विनेटमध्ये एकोणीस हजारांचे पंचाहत्तर हजार झाले. २०१६ चं ट्रम्प यांचं दोन लाख अकरा हजारांचं लीड तुटून बायडनचं अकरा हजार सातशे एकोणऐंशी झालं, त्यातला निम्म्याच्या जवळपासचा भार या दोन काउंट्यांनी उचलला.

पण मला स्वतःला जास्त बोलायचंय ते माझ्या काउंटीबद्दल, कारण ती कुणाच्या बातमीत येत नाही.

आम्ही फोरसाइथमध्ये राहतो. इथं हरलेल्याच्या मतांना कुणी विचारत नाही, ट्रम्प जिंकणार हे घड्याळात बारा वाजणार तसं ठरलेलं. १९१२ साली या काउंटीतून झाडून सगळ्या कृष्णवर्णीयांना हाकलून लावलं होतं, हजार-अकराशे माणसं, घरदार जमीन सोडून काही आठवड्यांत गेली. पुढं सत्तर-पंचाहत्तर वर्षं इथं त्यांना फिरकूच देत नव्हते. १९८७ च्या जानेवारीत नागरी हक्क चळवळीतल्या होजिया विल्यम्स यांनी मोर्चा आणला, त्यावर दगडफेक झाली, तर पुढच्याच आठवड्यात वीसेक हजार लोक आले. आज त्याच काउंटीतल्या कमिंग गावाच्या रस्त्यावर इडलीचं पीठ मिळतं, गणपतीत ढोल वाजतो, पाच-सहा माणसांमागं एक आशियाई आहे आणि त्यात आपलेच जास्त. मला हे दहा वर्षं राहून माहीत नव्हतं, मतदानाचे आकडे शोधताना कळलं. कळल्यावर दोन दिवस शेजारच्या जुन्या घरांकडं वेगळंच बघत होते.

तर इथले आकडे. २०१२ ला रिपब्लिकन रोमनी शंभरात ऐंशी. २०१६ ला ट्रम्प सत्तर-एकाहत्तर. २०२० ला सहासष्ट. क्लिंटनना इथं साडेतेवीस हजार मतं होती, बायडनना बेचाळीस हजार. म्हणजे हरलेल्या काउंटीतून साडेअठरा हजार मतं जास्त काढली, आणि राज्याचं लीड फक्त पावणेबारा हजार! मी हे अगदी शोध लागल्यासारखं आण्णांना सांगितलं, तर ते शांतपणे म्हणाले, "आणि त्याची?" मग बघितलं तर ट्रम्प यांचीपण सत्तर हजारांवरून पंच्याऐंशी झालेली. म्हणजे तुटलं किती, तर फक्त साडेतीन हजार. "मग तेवढंच धर. पण धर. पडलेल्या गावातली मतं मोजायला कुणी बसत नाही, आणि तालुका तिथंच जातो." त्यांनी पूर्वी एका सभापतीचं गणित असंच बरोबर सांगितलं होतं म्हणे, ते मी चाळीस वेळा ऐकलंय.

माझं पहिलं मत तेच, २०२०. सिटिझनशिप २०१९ ला झाली. इथं मतदानाच्या दिवसाआधी जवळपास तीन आठवडे अर्ली व्होटिंग असतं, काउंटीत कुठल्याही केंद्रावर जा, रांग कमी दिसेल तिथं थांबा. टचस्क्रीनवर निवडायचं, कागद छापून हातात येतो, वाचायचा, स्कॅनरमध्ये घालायचा. आपल्या व्हीव्हीपॅटसारखं, फक्त इथं कागद आपल्या हातातून जातो, आण्णांना ते पसंत पडलं. शाई नाही लावत. पीच फळाचं स्टिकर देतात. ते मी शर्टावरून काढून फ्रिजला लावलं, अजून आहे. कुणाला दिलं ते विचारू नका, आण्णांनीपण विचारलेलं नाही, ड्युटीवाला माणूस आहे.

निकाल मंगळवारी लागला नाही, बुधवारी नाही. पोस्टाची मतं मोजत होते. शुक्रवारी पहाटे क्लेटन काउंटीची मतं पडली आणि बायडन पुढं गेले, क्लेटन म्हणजे एअरपोर्टच्या खालची काउंटी, शंभरात पंच्याऐंशी डेमोक्रॅट, आपलं रिव्हरडेलचं बालाजी मंदिर तिथंच. मग हातानं मोजणी. ही गोष्ट आण्णांना परत परत सांगायला लागली, कारण पन्नास लाख मतपत्रिका सगळ्या १५९ काउंट्यांत माणसांनी हातात धरून मोजल्या, १३ नोव्हेंबरला सुरू केलं, म्हणजे आमच्याकडं अभ्यंगस्नान आणि लक्ष्मीपूजन चाललंय आणि टीव्हीवर टेबलांवर गठ्ठे. फ्लॉइड काउंटीत स्कॅन करायच्याच राहिलेल्या अडीच हजारांवर मतपत्रिका सापडल्या, फेएटमध्ये एक मेमरी कार्ड चढवायचंच राहिलेलं. लीड १२,६७० चं जाहीर झालं, मग मशीनवर तिसऱ्यांदा मोजलं आणि ११,७७९ वर थांबलं. आण्णा म्हणाले तीन मोजण्यांत माणूस तोच राहिला ना, मग विषय संपला. इथं संपला नाही. २ जानेवारीला ट्रम्प यांनी राज्याच्या निवडणुका बघणाऱ्या सेक्रेटरीला, ब्रॅड रॅफेन्सपर्गरना, जे त्यांच्याच पक्षाचे, फोन करून म्हणलं की मला फक्त ११,७८० मतं शोधायची आहेत. ती टेप बाहेर आली. आण्णांची प्रतिक्रिया, "बरोबर एक जास्त. हिशेब पक्का आहे गड्याचा."

आणि तीनच दिवसांनी सिनेटच्या दोन जागांचा रनऑफ. जॉर्जियात सिनेटला पन्नास टक्क्यांच्या वर लागतात, नाहीतर वरच्या दोघांत परत मतदान, राष्ट्राध्यक्षाला तो नियम नाही, बायडन साडेएकोणपन्नासवरच जिंकले. रिपब्लिकन डेव्हिड पर्ड्यू नोव्हेंबरमध्ये ८८ हजारांनी पुढं होते पण ४९.७ टक्के. जानेवारीत ५५ हजारांनी पडले. मतदान खोटं असतं असं आपल्याच लोकांना दोन महिने सांगितल्यावर आपलेच लोक घरी बसणार की, उत्तरेकडच्या डोंगराळ भागात टक्का जास्त घसरला. मग २०२१ ला कायदा बदलला, पोस्टाच्या मताला ओळखपत्राचा नंबर, रनऑफ नऊऐवजी चार आठवड्यांत, आणि मतदान केंद्राजवळच्या रांगेत लोकांनी खाऊ-पाणी वाटायला बंदी. पाण्याचं कळल्यावर आण्णा जरा गप्प झाले, त्यांच्याकडं तर ड्युटीवर पोलीस पाटील स्वतः माठ भरून ठेवायचा.

आता २०२४. निवडणूक दिवाळी संपता संपता, भाऊबीज झाली आणि दोन दिवसांत मतदान. ट्रम्प यांच्यासमोरच्या डेमोक्रॅट उमेदवार कमला हॅरिस यांच्या आई तमिळ, त्यामुळे आपल्या लोकांत त्यांचं कौतुक होतं पण मतं सरसकट गेली असं मला तरी वाटत नाही. आमच्या मंडळाच्या फराळाला एका टेबलावर ग्रीन कार्डची रांग, दुसऱ्यावर टॅक्स, तिसऱ्यावर किराणा किती महागला, आणि तिसऱ्या टेबलावर सगळ्यात जास्त गर्दी. चाळीस लाखांवर लोकांनी आधीच मतदान केलेलं, त्यामुळे या वेळी निकाल त्याच रात्री कळला.

लीड? ट्रम्प, १ लाख १५ हजार.

आण्णा म्हणाले, म्हणजे बाईंची मतं फुटली. तिथंच खरी मजा आहे. बायडन जिंकले ते २४ लाख ७३ हजारांवर, हॅरिस हरल्या त्या २५ लाख ४८ हजारांवर. पाऊण लाख मतं जास्त घेऊन हरल्या! फक्त ट्रम्प यांनी दोन लाख जास्त काढली. कुठून, तर सगळीकडून थोडी थोडी. ब्रँटलीसारख्या काउंटीत तर आधीच शंभरातली नव्वद त्यांची, तिथं वाढायला जागा किती असणार, पण अशा छोट्या छोट्या काउंट्या शंभरावर आहेत. कॉबमध्ये हॅरिस टिकल्या, हेन्री काउंटीत तर बायडनपेक्षा बऱ्याच वर गेल्या, फुल्टनमध्ये दोन्ही वेळा शंभरात बहात्तरच. पण कापसाच्या पट्ट्यात बाल्डविन, वॉशिंग्टन, जेफरसन या तीन काउंट्या निळ्याच्या लाल झाल्या, तिथं मोठं शहर नाही, टीव्हीवाले नाहीत. इथं मतदार नोंदणीच्या फॉर्मवर वंश विचारतात म्हणून नंतर कळतं की कुणी किती मतदान केलं, आणि कृष्णवर्णीयांचा एकूण मतदानातला वाटा थोडा घसरला. अशा राज्यात, जिथं दहातले सात गोरे एका बाजूला आणि दहातले जवळपास नऊ कृष्णवर्णीय दुसऱ्या बाजूला, तिथं एखाद-दुसरा टक्का घरी बसला तरी लाखाचा हिशेब होतो. ग्रुपवर मात्र दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते की उपनगरं परत फिरली. आकडे बघा की आधी.

आणि फोरसाइथ? सहासष्टच्या आसपासच. आठ वर्षं घसरत होतं ते थांबलं. आमच्या गल्लीत तीन नवीन आपली घरं आली, दोन कोरियन, तरी थांबलं. का ते मला अजून उलगडलेलं नाही. एक शेजारीण म्हणाली नवीन आलेल्यांतले निम्मे अजून एच-वन व्हिसावर आहेत, त्यांना कुठं मत. दुसरी म्हणाली तसं नाही, आपलेच तिकडं गेलेत. दोघींनी एकाच चकलीच्या ताटात हात घातलेला.

रविवारी आण्णांना हे सगळं फोनवर वाचून दाखवलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं, मागून वही उलटताना पानांचा आवाज येत होता. आता त्यांना बूथवार आकडे पाहिजेत, माझ्या केंद्राचे, आधीच्या तीन निवडणुकांसकट. काउंटीच्या साइटवर मिळतात म्हणे. शनिवारी बसते.